एदोच्या गाड्यांवरील सुशी
शोगुनांच्या अमलातील एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, 1820 च्या दशकात हानाया योहेई याच्या नावाशी निगडित असलेली, शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप बसविलेली सुशी रस्त्याकडेच्या गाड्यांवर रूढ झाली. बर्फाच्या अभावी ट्यूनाचे तांबडे काप सोया सॉसमध्ये मुरवण्याचा शिरस्ता असल्याने ‘कच्चा’ हे विशेषण तेव्हा नावापुरतेच म्हणावे. ट्यूनाच्या पोटाचा गुलाबी, चरबीयुक्त भाग, ज्यासाठी आज गिऱ्हाईक मुक्तहस्ते पैसे मोजते, तो त्या काळी टाकाऊ गणला जाई. रुचीचा हा उलटा न्याय मोठा मौजेचा! 1923 च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर कारागीर गावोगाव पांगले, तशी ही सुशीही पसरली. नारिंगी साल्मन मात्र 1980 च्या दशकात नॉर्वेकरांच्या खटपटीने तिच्यावर विराजमान झाला.