नेव्हिल डिसोझांची मेलबर्नमधली हॅट्ट्रिक

1 डिसेंबर 1956. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये फुटबॉलची उपांत्यपूर्व लढत, आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया. हंगेरीने माघार घेतल्याने पहिल्या फेरीत पुढे चाल मिळालेल्या भारताकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या.

नवव्या मिनिटालाच नेव्हिल डिसोझांनी चेंडू जाळ्यात धाडला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. 33व्या मिनिटाला डिसोझांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वी यजमान पुन्हा बरोबरीत! मग 50व्या मिनिटाला तिसरा गोल. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. किट्टूंनी चौथा गोल केला आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा संघ 4-2 असा जिंकून उपांत्य फेरीत गेला.

तिथे गाठ युगोस्लाव्हियाशी. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच संघाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला होता. या वेळी मात्र पहिला गोल भारताचा, तोही डिसोझांचाच. ती आघाडी टिकली नाही. भारत 1-4 असा हरला. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियानेही 3-0 अशी मात दिली. तरीही 4 गोलांसह डिसोझा स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त अव्वल राहिले.

मूळ गोव्यातल्या आसगावच्या या आघाडीवीराची क्लब कारकीर्द बहरली ती मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. क्रिकेटवेड्या या शहराला ते कितपत ठाऊक आहेत, हा प्रश्नच आहे.

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला चौथ्या क्रमांकापलीकडे कधीच जाता आलेले नाही. 1960च्या रोम ऑलिंपिकनंतर तर संघ पात्रही ठरलेला नाही.