पोस्टरचं आजोळ

कल्याण स्टेशनबाहेर मान वर केली की वाढदिवसाचे फ्लेक्स दिसतात. चेहरे मोठे, नावं त्याहून मोठी. या गोतावळ्याचा एक पूर्वज कल्याणचंच नाव लावतो: १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचं पोस्टर. आपल्याकडच्या शिल्लक राहिलेल्या सचित्र सिनेमा-पोस्टरांत हे सर्वांत जुनं मानतात. कथा शिवकाळातल्या कल्याणची, कारागिरी मात्र कोल्हापूरची, बाबूराव पेंटर यांची.

'पेंटर' हे काही त्यांचं मूळ आडनाव नव्हे. घराणं मेस्त्रींचं. बाबूराव आणि नात्यातले आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'साठीही त्यांनी पडदे केले. रस्ता, जंगल, राजवाडा. धंदाच नावाला चिकटला.

पडदा रंगवणं म्हणजे अंगमेहनतीचं काम. मांजरपाटाचे पट्टे शिवून जोडायचे, सरसात रंगाची पूड कालवायची, सूत मारून चौकटी पाडायच्या आणि हातातल्या कागदावरचं चित्र एकेका चौकटीनं मोठं करत न्यायचं. जवळून पाहाल तर नुसते फटकारे. पण पिटातल्या शेवटच्या माणसाला तिथं खांब, कमानी, झुंबरं दिसली पाहिजेत.

पोस्टरचं आजोळ हेच, असं मला वाटतं. तोवर सिनेमाची जाहिरात म्हणजे अक्षरांनी गच्च भरलेला कागद. वाचता येईल त्यानं वाचावा. बाबूरावांनी रस्त्यावरून जाणाऱ्यालाच शेवटच्या रांगेतला प्रेक्षक धरलं.

सिनेमाचं वेड बाबूराव आणि आनंदराव या दोघांनाही लागलं होतं, पण आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडवला, 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. कंपनी कसली, शाळाच ती! दामले, फत्तेलाल, शांताराम तिथंच शिकले आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी 'प्रभात फिल्म कंपनी' थाटली. गुरूला ते किती लागलं असेल, हा वेगळा विषय.

कल्याण-डोंबिवलीत एखाद्या जुन्या दुकानाच्या पाटीवर खाली कोपऱ्यात अजून बारीक सही सापडते, नावापुढे 'पेंटर'. फ्लेक्सवर त्या कोपऱ्यात छपाईवाल्याचा मोबाइल नंबर असतो.