प्लेस्टेशनमधलं लिनक्स: दिलं आणि काढून घेतलं

आज एका खेळण्याची गोष्ट. म्हणजे तसं खेळणंच, पण त्याच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या.

सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्याच्या मेनूत चक्क दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोय होती. हार्डडिस्कचा एक तुकडा मोकळा करा, लिनक्स टाका, झाला कॉम्प्युटर. अगदी मोकळं रान नव्हतं हं. ग्राफिक्स चिपला हात लागू नये म्हणून मध्ये हायपरव्हायजर नावाचा पहारेकरी बसवलेला. तरी आकडेमोडीला यंत्र तगडं आणि किमतीच्या मानाने स्वस्त. अमेरिकेच्या हवाई दलाने असे १,७०० हून जास्त प्लेस्टेशन जोडून 'काँडोर' नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला!

पुढे २००९ च्या स्लिम मॉडेलमधून सोनीने ही सोय गाळली. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या अमेरिकन पोराने लिनक्समधूनच त्या पहारेकऱ्याला चकवलं. मग १ एप्रिल २०१० ला ३.२१ क्रमांकाचं फर्मवेअर आलं आणि जुन्या मशीनवरूनही लिनक्स गेलं. अपडेट नको असेल तर घेऊ नका, पण मग ऑनलाइन खेळणं विसरा. विकत घेतलेल्या वस्तूतला एक भाग घरात येऊन काढून नेल्यासारखंच हे. माझ्या मते सोनीची सगळ्यात महागडी चूक.

कारण तोवर प्लेस्टेशन ३ फुटला नव्हता. ज्यांना फोडता आला असता, त्यांना लिनक्स आयतंच मिळत होतं, मग कशाला डोकं घालतील? ते बंद झालं आणि ही मंडळी कामाला लागली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटाने सगळं उघड केलं.

आता गंमत ऐका. सोनी आपल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करायची. त्या गणितात दर सहीला एक नवा, गुप्त, यादृच्छिक आकडा लागतो. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती! दोन सह्या हाताशी आल्या की दोन समीकरणं, दोन अज्ञातं. दहावीला सोडवतो तशी एकसामयिक समीकरणं मांडायची, की कंपनीची खासगी किल्ली बाहेर. आणि ही किल्ली विकलेल्या मशीनमध्ये अपडेट पाठवून बदलता येत नाही.

सोनीने जानेवारी २०११ मध्ये हॉट्झवर दावा लावला, एप्रिलमध्ये तडजोड झाली. अमेरिकेतल्या ग्राहकांचा दावा मात्र वर्षानुवर्षं चालला. २०१८ च्या तडजोडीत माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर ठरले.

त्या बर्लिनच्या मंचावर हेक्टर मार्टिनही होता. ॲपलच्या एम१ मॅकवर लिनक्स नेणारा 'आसाही' प्रकल्प पुढे त्यानेच सुरू केला. त्याच्यावर पुढच्या भागात बोलू.