कवक-नमुन्यांच्या नोंदी (जुन्नर–आंबेगाव)

वाळवून जतन केलेल्या कवकासोबत ठेवलेली लेखी माहिती. आश्रयी वनस्पती (जिच्यावर कवक वाढते ती), ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव व संग्रहातील क्रमांक तीत असतो. पुण्यात अशा नमुन्यांचे मोठे भांडार म्हणजे आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवकसंग्रह (संकेत ‘एएमएच’). ज्वारीच्या अरगट रोगावर काम करणारे एस. एल. अजरेकर यांचे नाव त्याला दिले आहे. मूळ संस्था, महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी, १९४६ची. तेथील एम. एन. कामत, पटवर्धन, राव आणि साठे यांनी राज्यातील कवकांची सूची १९७१ मध्ये ग्रंथरूपाने दिली.

नोंदीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आश्रयीचे नाव. तांबेरा किंवा पानांवरची काळी भुरी जिवंत वनस्पतीवरच वाढते. प्रयोगशाळेतल्या बशीत ती सहसा वाढत नाही. अशा कवकाचा टीपकागदात दाबून वाळवलेला नमुना हाच टिकाऊ पुरावा ठरतो, आणि आश्रयी चुकला की ओळखही चुकते. हिमालयातील चीड या पाइनवृक्षावरचा एक तांबेरा आयुष्याचा दुसरा टप्पा चिराइताच्या जातभाईंवर काढतो; दोन्ही आश्रयींच्या नोंदी जुळल्याखेरीज त्याचे जीवनचक्र उलगडत नाही.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर–आंबेगाव तालुक्यांत मात्र चीडसारखे शंकुधारी वृक्ष निसर्गतः नाहीत. पश्चिम घाटातील एकमेव देशी शंकुधारी, नागेया, दक्षिणेकडे आढळतो. त्यामुळे येथील ‘पाइनवर’ अशी नोंद लावलेल्या झाडाची तरी असते, नाहीतर सुरूची. सुरू दिसायला पाइनसारखा असला तरी तो सपुष्प वृक्ष आहे: त्याच्या ‘सुया’ म्हणजे हिरव्या बारीक डहाळ्या, आणि पाने पेरांवरचे इवलेसे खवले. येथील कवके शोधायची ती भीमाशंकर अभयारण्य, आहुपे, नाणेघाट या पावसाळी पट्ट्यातल्या अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्यावर.

ठिकाणाचाही घोळ होतो. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले आणि तालुक्याचे मुख्यालय घोडेगावला आहे. पुणे शहरालगत कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक वेगळेच. म्हणून नुसते ‘आंबेगाव, जि. पुणे’ पुरत नाही. गाव, तालुका आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेला नमुनाच पुढे उपयोगी पडतो: अनेक दशकांनंतरही वाळलेल्या कवकातून डीएनए मिळवता येतो आणि जुनी ओळख तपासता येते.