लोखंडावरची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा आणि शिलालेख उभे राहतात. परंतु जेथे कागद गप्प असतो तेथे वस्तू बोलते. आज आम्ही जर्मन सैन्याच्या माउझर रायफलीवरील झिलईचा विचार करणार आहोत. विषय लहान दिसतो. पण एका युद्धाची चढती नि उतरती कळा त्या केसाहून पातळ थरात उतरलेली आहे.

तांबडा गंज लोखंड खातो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु लोखंडाचाच काळा ऑक्साइड पृष्ठभागाला घट्ट धरून बसतो. हे ओळखून जुने कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवीत, उकळत्या पाण्याने तो काळा करीत, तारेच्या ब्रशाने मोकळी पूड झाडीत आणि हाच क्रम पुनःपुन्हा करीत. पुढे कॉस्टिक सोडा व नायट्रेट क्षार यांच्या उकळत्या द्रावणात भाग बुडवून तेच काम थोड्या वेळात होऊ लागले. दोन्हींत थर इतका पातळ, की वर तेलाचा हात फिरवल्याशिवाय गंज रोखला जात नाही. आणि त्या निळसर काळ्या रंगाची शोभा मुख्यतः खालच्या घासणीची असते.

१८९८ साली जर्मनीने स्वीकारलेल्या 'गेव्हेर ९८'ची नळी अशी निळसर काळी असे. पण ज्यात बोल्ट सरकतो तो रिसीव्हर आणि स्वतः बोल्ट हे उजळ पोलादाचेच ठेवलेले असत. १९३५ साली आलेल्या 'काराबिनर ९८ के' या आखूड रायफलीचा रिसीव्हरही काळा झाला. तिच्या बहुतेक भागांवर क्रमांक आणि तपासनिसाचा गरुडछाप ठोकलेला असे.

आता युद्धाच्या अखेरच्या काळातील रायफल पाहा. घासणी कमी झाली, यंत्राचे ओरखडे तसेच राहिले. १९४४ पासून काही भागांवर फॉस्फेटची करडी, खरखरीत झिलई दिसू लागते. फॉस्फेटच्या बारीक स्फटिकांत तेल मुरते, गंजापासून रक्षण चांगले होते आणि गुळगुळीत पृष्ठभागाची गरजही उरत नाही. म्हणजे ही निव्वळ हलगर्जी नव्हे. कामगार आणि वेळ यांची टंचाई असता काढलेली ती शहाणी वाट होती. कागदावर सेनापती काहीही लिहोत, पोलाद मात्र घाई लपवीत नाही.

युद्धात आणि त्याच्या अखेरीस असंख्य रायफली सोव्हिएत सैन्याच्या हाती पडल्या. पुन्हा वापरण्याजोग्या करून ठेवताना त्या सुट्या केल्या गेल्या, त्यांचे भाग काळ्या द्रावणात बुडवले गेले आणि हाताला येतील तसे जोडले गेले. त्यामुळे एकाच रायफलीत नळीचा क्रमांक एक, तर बोल्टचा मूळ क्रमांक दुसरा आढळतो. जुळवून घेण्यासाठी नवा क्रमांक विजेच्या लेखणीने कोरलेला दिसतो. उजळ असायचा तो बोल्टही काळाभोर दिसतो. ही बनवाबनवी नव्हे; तो त्या रायफलीच्या आयुष्याचा दुसरा अध्याय आहे. बनवाबनवी तेव्हा होते, जेव्हा एखादा विक्रेता हा अध्याय खोडून पहिल्याची नक्कल उभी करतो.

नक्कल ओळखण्याच्या खुणाही तेथेच असतात. अति घासलेल्या पोलादावर ठशांच्या कडा बोथट होतात. जेथे हात लागून झिलई उडायला हवी, तेथे ती ताजी असते. आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यांच्या तळाशीही नवा काळा रंग दिसतो.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे स्वच्छ करून पूजेला मांडतात. ती श्रद्धा योग्यच आहे. पण उत्साहाच्या भरात पॉलिशपेपर मारला की गंजाबरोबर मूळ झिलई जाते, मग ती तलवार असो वा बंदूक. ती परत आणता येत नाही. आणता येते ती तिची नक्कल. म्हणून आमची एवढीच विनंती आहे : जुन्या लोखंडाला मऊ फडके आणि हलके तेल एवढेच लावावे. ते चकाकणार नाही. पण पुढच्या पिढीने प्रश्न विचारला, तर त्याच्यापाशी उत्तर शिल्लक असेल.