तारीख कोणाच्या हाती?

मी वकील नव्हे. दिवाणी न्यायालयाची माझी ओळख बाहेरच्या बाकावरची. आमच्या एका सभासदाच्या खोलीच्या दाव्यात मी त्याच्याबरोबर चार वर्षे खेपा घातल्या. वादीचे वकील मुदतीचा अर्ज देत. त्यावर एकच शब्द पडे, 'मंजूर', आणि आमच्या गड्याचा रोज बुडे. अशा अकरा मुदती मी मोजल्या. बाराव्या वेळी त्याला पाळी बदलून मिळाली नाही, आणि नेमका त्याच दिवशी दावा एकतर्फी चालला. विचारले तर उत्तर आले : हा न्यायाधीशांच्या विवेकाचा प्रश्न. तेव्हापासून मी जुने कायदे चाळू लागलो.

१८५९ साली दिवाणी प्रक्रियेची पहिली संहिता आली. प्रतिवादी गैरहजर असेल तर दावा एकतर्फी चालवावा, पुरेसे कारण दिसल्यास मुदत द्यावी, अशी तिची रीत. 'पुरेसे' किती, हे न्यायाधीशाने ठरवायचे. दख्खनच्या कुणब्याला त्याची झळ लवकरच लागली. समन्स कधी पोचे, कधी न पोचताच पोचले म्हणून लिहिले जाई. पोचले तरी पेरणी सोडून कचेरीत जायचे कोणी? खत पुढे केले की सावकाराला हुकूमनामा मिळे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुपे येथे दंगा उसळला. लोक सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या खतांच्या मागे होते, हे ध्यानात घ्या.

मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांसाठी. पुढे रानडे यांनीही त्याखाली न्यायाधीशाचे काम केले. त्यात एक कलम मला फार मोलाचे वाटते. न्यायालयाने प्रतिवादीची जबानी घ्यावीच. गरज नाही असे वाटले तर तसे का वाटले, ते लेखी नोंदवावे. न्यायाधीशाचा विवेक काढून घेतला नाही. त्याला फक्त लिहायला लावले.

ही गोष्ट सर्वत्र लागू व्हायला शतकाहून अधिक काळ गेला. १९०८ च्या संहितेत मुदतीचा अधिकार मोकळाच होता. १९५५ साली संग्रामसिंग खटल्यात न्या. विवियन बोस यांनी बजावले, की प्रक्रिया ही न्यायाच्या सोयीसाठी आहे, माणसाला शिक्षा करण्यासाठी नव्हे. एका तारखेला गैरहजर राहिलेल्याला पुढच्या कामात भाग घेऊ दिलाच पाहिजे. १ जुलै २००२ पासून सुनावणीत एका पक्षाला तीनच मुदती आणि प्रत्येकीचे कारण लेखी, असा नियम आला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला थोडी ढील दिली : अपघातासारखे हाताबाहेरचे कारण असेल तर चौथीही देता येईल. मला ते पटते. कामगारालाच अशी चौथी मुदत कधी लागते. माझे भांडण आकड्याशी नाही, त्या एकशब्दी 'मंजूर'शी आहे.

आमच्या सभासदाचा एकतर्फी हुकूमनामा पुढे रद्द झाला. त्या आदेशात त्याच्या कारखान्याच्या हजेरीपटाबद्दल दोन ओळी आहेत. नक्कल मी जपून ठेवली आहे.