एड्सजन्य बुद्धिभ्रंश

एचआयव्ही या व्हायरसाच्या संसर्गामुळे स्मरण, एकाग्रता, निर्णयशक्ती व हालचाली यांत होणाऱ्या उत्तरोत्तर ऱ्हासास ही संज्ञा देतात. संसर्गित श्वेत कोशिकांबरोबर व्हायरस मेंदूत शिरतो. तंत्रिका कोशिकांत त्याची प्रत्यक्ष वाढ होत नाही. मेंदूतील भक्षक कोशिकांत तो वाढतो व तेथून स्रवणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे तंत्रिका कोशिकांची हानी होते. परिघीय तंत्रिका व मेरुरज्जू यांनाही इजा पोहोचते.

एड्सची प्रथम नोंद १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथील ब्रॅडफर्ड नाव्हिया, रिचर्ड प्राइस व सहकाऱ्यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्याच वर्षी भारतातील पहिले संसर्ग मद्रास (आताचे चेन्नई) येथे आढळले.

महाराष्ट्रात हा विकार दीर्घकाळ दृष्टीआड राहिला. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे मरणोत्तर तपासणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मेंदूमध्ये प्रामुख्याने टॉक्सोप्लाझ्मा, क्षय व क्रिप्टोकॉकस यांचे संधिसाधू संसर्ग दिसले. अशा रोगांनी रुग्ण लवकर दगावत. भारतात प्रचलित असलेला व्हायरसाचा सी उपप्रकार मेंदूस कमी घातक असावा, असेही मत मांडले गेले.

शिक्षणावर फारशी अवलंबून नसलेली आंतरराष्ट्रीय कसोटी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत बोटांची जलद हालचाल, हाताच्या क्रमवार मुद्रा व चार शब्दांचे स्मरण यांस गुण देतात. १२ पैकी १० वा कमी गुण मिळाल्यास अधिक तपासणी करतात. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या पाहणीत उपचार सुरू न झालेल्या अनेक रुग्णांत या कसोटीने दोषाचा संशय दर्शविला. त्यामुळे सी उपप्रकाराविषयीच्या समजाचा फेरविचार आवश्यक ठरला.

१ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत व्हायरसरोधी उपचार सुरू केले. नियमित औषधांमुळे तीव्र बुद्धिभ्रंश विरळ झाला. सौम्य दोष मात्र काही रुग्णांत टिकून राहतात. अशा दोषामुळे औषध घेण्याचा विसर पडतो, औषध चुकल्याने रोग बळावतो आणि रुग्ण निष्काळजी ठरविला जातो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मराठीबरोबरच गोरमाटी, गोंडी व कोलामी बोलल्या जातात. तेथे शब्दस्मरणाची चाचणी रुग्णाच्या बोलीत न घेतल्यास भाषेची अडचण हाच रोग समजला जाण्याचा किंवा खरा रोग निसटण्याचा संभव असतो. म्हणून केवळ गुणांवर निदान न करता कुटुंबीयांकडून रुग्णाच्या दैनंदिन व्यवहारांची माहिती घेणे आवश्यक असते.